पहिल्या तासात अडखळणाऱ्यांविषयी मेंटेनर मंडळींना खुले पत्र

मुक्तस्रोत प्रकल्पांची देखभाल करणाऱ्या सर्व मेंटेनर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

नव्या माणसाने प्रकल्पात योगदान कसे द्यावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या सर्वांना जवळजवळ तोंडपाठ झालेले आहे. रीडमी ही प्रकल्पाची ओळख सांगणारी फाइल वाचावी, योगदानाची नियमावली वाचावी, सोप्या पहिल्या कामाचे लेबल असलेला एखादा इश्यू (नोंदवलेला दोष किंवा काम) निवडावा, रेपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडचा साठा) फोर्क करून स्वतःची प्रत घ्यावी, वेगळ्या ब्रँचवर (स्वतंत्र शाखेवर) बदल करावा, टेस्ट चालवाव्यात आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवावी. उत्तर बरोबर आहे, आणि एका लहानशा प्रकल्पाची सहमेंटेनर या नात्याने मीही ते अनेकांना दिलेले आहे. मात्र नियमावली वाचणे आणि बदल करणे यांच्या मधोमध एक टप्पा या उत्तरात गृहीत धरलेला असतो. तो म्हणजे प्रकल्प स्वतःच्या यंत्रावर पहिल्यांदा बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करून, तो चालवून पाहण्याचा. तिथे येणाऱ्यांपैकी अनेक जण गळतात आणि ते गळाले हे आपल्याला कळतही नाही, कारण न आलेल्या पुल रिक्वेस्टची नोंद कोणत्याच यादीत होत नाही. त्या टप्प्यावर अडखळलेल्या माणसाची अडचण हेच त्याचे पहिले योगदान समजावे आणि ते रीतसर नोंदवून घ्यावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी सुरुवात एका शब्दापासून झाली. रोज वापरात असलेल्या एका प्रोग्रॅमच्या मेनूमध्ये एक शब्द चुकलेला होता आणि तेवढा दुरुस्त करून द्यावा, इतकाच माझा बेत होता. सूचनांमध्ये ‘प्रकल्प नेहमीप्रमाणे बिल्ड करावा’ असे एक वाक्य होते. कोणाच्या नेहमीप्रमाणे, हे तिथे लिहिलेले नव्हते. मी आज्ञा दिली, पडद्यावर ओळी सरकत राहिल्या आणि पाचव्या मिनिटाला कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने ‘ओपनएसएसएल/एसएसएल.एच: अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ असे सांगून काम थांबवले. ओपनएसएसएल (सुरक्षित संपर्कासाठी इतर प्रोग्रॅमांनी वापरायच्या तयार कोडचा संच, म्हणजे लायब्ररी) माझ्या यंत्रावर होते. ते आहे याची मी तीन निरनिराळ्या मार्गांनी खात्री करून घेतली, ते काढून पुन्हा बसवले, यंत्र बंद करून सुरू केले, आणि दर वेळी तीच ओळ त्याच ठिकाणी आली. दुसऱ्या संध्याकाळी उलगडा झाला. लायब्ररी वापरणाऱ्या तयार प्रोग्रॅमला जे लागते ते एका पॅकेजमध्ये असते, आणि त्या लायब्ररीच्या आधाराने नवा प्रोग्रॅम कंपाइल करताना लागणाऱ्या, नावाच्या शेवटी ‘.एच’ असलेल्या हेडर फाइल लिनक्सच्या अनेक वितरणांत निराळ्या पॅकेजमध्ये ठेवलेल्या असतात. डेबियनमध्ये त्या पॅकेजचे नाव लिबएसएसएल-डेव्ह, तर फेडोरामध्ये ओपनएसएसएल-डेव्हल. ते बसवताच बिल्ड पहिल्या फटक्यात पूर्ण झाला.

मी दोन पुल रिक्वेस्ट पाठवल्या. एकीत मेनूतला शब्द दुरुस्त केला होता. दुसरीत त्या पॅकेजचे नाव सांगणारी एक ओळ सूचनांमध्ये वाढवली होती. शब्दाची दुरुस्ती त्याच दिवशी आभारासह मर्ज झाली, म्हणजे प्रकल्पात सामावली गेली. ओळ मात्र ‘हे सर्वांना माहीत असते’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. त्या मेंटेनरांविषयी माझ्या मनात राग नाही, पुढे त्यांनीच मला पुष्कळ शिकवले. परंतु त्या दोन बदलांपैकी प्रकल्पाला माणसे कोणत्या बदलाने मिळाली असती, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

‘सर्वांना माहीत असते’ असे वाटण्याचे कारण साधे आहे. ते पॅकेज मेंटेनरच्या यंत्रावर काही वर्षांपूर्वी, कदाचित भलत्याच कामासाठी, बसवले गेलेले असते आणि त्यानंतर त्याची आठवण होण्याचा प्रसंगच येत नाही. अशा रीतीने प्रकल्पाच्या गरजांची खरी यादी सूचनांमध्ये न उतरता मेंटेनरच्या यंत्रात साठत जाते, आणि तिथून ती वाचून काढण्याचा मार्ग त्याच्यापाशी नसतो, कारण त्याच्याकडे सगळे सुरळीत चालतच असते. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर दर वेळी कोरी यंत्रणा उभी केली जाते हे खरे, पण तिथल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लागणारी सगळी पॅकेजे निमूटपणे लिहून ठेवलेली असतात. (नव्या मंडळींपैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर जाता जाता सांगते: सूचना अपुऱ्या वाटल्या की ही फाइल उघडून पाहावी. प्रकल्पातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज अनेकदा तोच असतो, कारण तो खोटा पडला की बिल्ड लगेच तुटतो.) सूचनांमधली उणीव दिसते ती केवळ कोऱ्या यंत्रासमोर नव्याने बसलेल्या माणसाला, आणि त्यालाही ती फार काळ दिसत नाही. चौथ्या दिवशी मलाच कोणी विचारले असते, तर ‘डेव्ह पॅकेज बसवायचे, त्यात काय’ असे मी सहज म्हणून गेले असते.

बाहेरच्या माणसाकडून आधी कोडच मागावा, असा काही या क्षेत्राचा मूळ रिवाज नाही. लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या, पुढे लिनक्स म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयी जो संदेश लिहिला, त्यात मिनिक्स या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या कोणत्या गोष्टी लोकांना आवडतात आणि कोणत्या आवडत नाहीत, हे विचारले होते. पुढे त्याच सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये, एक शिस्त रूढ झाली, जी मला फार मोलाची वाटते: एखादा दोष दुरुस्त करणाऱ्या कमिटच्या (इतिहासात नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात तो दोष कळवणाऱ्याचे नाव ‘रिपोर्टेड-बाय’ या शब्दांपुढे आणि दुरुस्ती तपासून पाहणाऱ्याचे नाव ‘टेस्टेड-बाय’ या शब्दांपुढे लिहिले जाते. म्हणजे कोडची एक ओळही न लिहिलेला माणूस प्रकल्पाच्या कायमच्या इतिहासात नावानिशी राहतो. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात कंपायलरचा गोंधळात टाकणारा संदेश हाच बग मानला जातो, त्यामुळे ‘मला हा संदेश कळला नाही’ ही तक्रार तिथे वैध ठरते, आणि ती करायला कंपायलरच्या अंतरंगाचे ज्ञान लागत नाही. लिब्रेऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले तेव्हा त्याच्या कोडमध्ये जुन्या काळातील जर्मन भाषेतल्या टिपा जागोजागी होत्या. त्यांचे इंग्रजी भाषांतर हे नवागतांसाठी राखलेल्या सोप्या कामांपैकी एक ठरवण्यात आले. ज्याला जर्मन येते पण सी प्लस प्लस ही त्या कोडची भाषा जेमतेम येते, अशा माणसाला त्या कामाच्या निमित्ताने फाइलमागून फाइल डोळ्यांखालून घालता आली.

अडचण कळवण्यापलीकडे, पण कोड लिहिण्याच्या अलीकडे, एक मोठा प्रदेश आहे आणि आपल्या नियमावल्यांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. प्रत्येक जुन्या प्रकल्पाच्या यादीत दोन-तीन वर्षे पडून राहिलेले इश्यू असतात. त्यांतले काही मधल्या काळात आपोआप सुटलेले असतात, काही एकाच दोषाची पाच वेगळी वर्णने असतात, आणि काहींमध्ये इतकी त्रोटक माहिती असते की कोणालाच हात घालता येत नाही. असा एखादा इश्यू उचलावा, प्रकल्पाच्या ताज्या आवृत्तीवर तो अजून घडतो का ते पाहावे, आणि कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, नेमक्या कोणत्या कृती, काय होणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे स्वच्छ लिहून ठेवावे. हे काम नवख्याला पहिल्या आठवड्यात जमते, आणि ते करता करता प्रकल्प कसा वागतो हे त्याच्या अंगवळणी पडते, जे नुसता कोड वाचून होत नाही.

याच प्रदेशात, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात, बायसेक्ट नावाचे एक अस्त्र आहे, आणि ते नवख्यांच्या हाती आपण का देत नाही याचे मला नवल वाटते. समजा, एखादी सुविधा जुन्या आवृत्तीत चालत होती, आज चालत नाही, आणि मधे एक हजार कमिट झालेले आहेत. बायसेक्टला एक चांगला आणि एक वाईट कमिट दाखवला की ते मधला कमिट काढून समोर ठेवते. आपण तो बिल्ड करायचा, दोष दिसतो का ते पाहायचे आणि ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ एवढेच सांगायचे. दर फेरीला उरलेले कमिट निम्मे होतात. सुमारे दहा फेऱ्यांत हजारांतला दोषी कमिट हाती लागतो. यात कोड समजण्याची गरज नसते. धीर लागतो, आणि बिल्ड व्यवस्थित होणारे यंत्र लागते. ‘हा दोष अमुक कमिटपासून सुरू झाला’ एवढे एक वाक्य इश्यूवर आले की पुढचे काम मेंटेनरसाठी अनेकदा अर्ध्या तासाचे उरते. अशा वाक्याला पॅचच्या (कोडमधल्या प्रत्यक्ष दुरुस्तीच्या) खालचे स्थान देणे मला अन्यायाचे वाटते.

आता आपली बाजू. ती मला ठाऊक आहे, कारण ती माझीही आहे. २०२० च्या ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमातील बक्षिसासाठी रीडमीमध्ये एखादे विशेषण घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टचा एवढा लोंढा आला, की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलून ज्या प्रकल्पांची संमती असेल तेवढेच ग्राह्य धरावे लागले. अलीकडे त्याची जागा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेल्या अहवालांनी घेतली आहे. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या कर्ल या साधनाच्या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा बनावट सुरक्षा-अहवालांविषयी उघडपणे तक्रार केलेली आहे, आणि जेंटू व नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला कोड स्वीकारण्यावर निर्बंध आणले. वाचायला अर्धा तास लागणारा मजकूर तयार करायला समोरच्याला अर्धे मिनिटही लागत नाही, हा हिशेब मेंटेनरला थकवणारा आहे. परंतु बारकाईने पाहिले तर या कचऱ्यात एक गोष्ट नेमकी गैरहजर असते: पाठवणाऱ्याने प्रकल्प स्वतः चालवून पाहिल्याची खूण. ‘तुमच्या सूचनांमधल्या तिसऱ्या पायरीला माझ्या यंत्रावर हा संदेश आला’ असे लिहिणाऱ्याने निदान तिसऱ्या पायरीपर्यंत चालण्याचे कष्ट घेतलेले असण्याची शक्यता बरीच अधिक असते. त्यामुळे अडखळणुकीची नोंद मागणे ही एक प्रकारची चाळणीही आहे, आणि ‘कोणताही इश्यू उचला’ या सरसकट निमंत्रणापेक्षा ती बरी चाळते.

दुसरी शंका विश्वासाची, आणि फाइलचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या प्रकरणानंतर ती कोणीही हसण्यावारी नेऊ नये. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ सालस योगदानकर्त्याचे रूप घेऊन त्या प्रकल्पात सहमेंटेनरचे अधिकार मिळवले आणि २०२४ च्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. मूळ मेंटेनर एकटे होते, थकलेले होते, आणि काम लवकर उरकत नाही म्हणून निरनिराळ्या खात्यांवरून त्यांच्यावर दबाव आणला जात होता. यावरून नवख्यांसाठी दार बंद करावे असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो उलटा वाटतो. त्या जागी आणखी चार माणसे हळूहळू घडलेली असती, तर एका अनोळखी मदतनिसावर सारा भार टाकण्याची पाळी आली नसती. आणि तो चोरदरवाजा सापडला कोणाला? एक्सझेड प्रकल्पाशी संबंध नसलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांना. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कामासाठी मोजमापे घेत असताना एसएसएचद्वारे दुसऱ्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे हे त्यांना खटकले, त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. फ्रॉइंड हे मुरलेले अभियंते आहेत, नवशिके नव्हेत; पण एक्सझेडच्या बाबतीत ते बाहेरचेच होते, आणि ‘हे असे का होते आहे?’ हा प्रश्न बाहेरच्यालाच पडला.

तेव्हा मागणे काय, ते नेमके सांगते. वर्षातून एकदा, शक्यतो नव्या आवृत्तीआधी, आपल्यापैकी एकाने कोऱ्या यंत्रणेवर केवळ लिखित सूचना वाचून प्रकल्प बिल्ड करावा आणि सूचनेत नसलेली प्रत्येक कृती लिहून काढावी. नियमावलीच्या पहिल्याच परिच्छेदात असे वाक्य असावे की या सूचना पाळताना जिथे थांबावे लागले ती जागा कळवणे हेही योगदान आहे, आणि त्यासाठी इश्यूचा वेगळा साचा तयार ठेवावा. अशी नोंद आली की दोन-चार दिवसांत ‘वाचले, पुढच्या आठवड्यात पाहते’ एवढे तरी लिहावे. नकार द्यायचा असेल तर तो कारणासह आणि लवकर द्यावा. सहा महिन्यांच्या शांततेपेक्षा तो पुष्कळ सुसह्य असतो.

सोप्या कामांच्या लेबलाविषयी मात्र थोडे अधिक बोलावे लागेल, कारण तिथे आपण स्वतःलाच फसवतो. दहा मिनिटांचे काम दिसले की ते स्वतःच उरकून टाकण्याचा मोह मलाही आवरत नाही, आणि मग लेबलाखाली उरतात ती कोणालाच नको असलेली कामे. खरोखर नवख्यासाठी लिहिलेल्या इश्यूमध्ये कोणती फाइल पाहायची, कोणत्या फंक्शनपासून सुरुवात करायची, कोणती टेस्ट चालवायची आणि काम पूर्ण झाले हे कशावरून ओळखायचे, हे सारे असावे लागते. तो लिहायला अर्धा तास लागतो. दहा मिनिटांच्या कामासाठी अर्धा तास लिहीत बसणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहेच. सहकारी हवा असेल तेव्हाच तो करावा, आणि तेवढी सवड नसेल तर लेबल लावू नये. गूगल समर ऑफ कोड किंवा आउटरीची यांसारख्या नवागतांसाठीच्या उपक्रमांत मार्गदर्शक नेमलेला असतो, त्याच्या वेळातला बराचसा भाग याच पायाभरणीत जातो. बाकीच्या दिवसांत मार्गदर्शकाची जागा त्या इश्यूच्या मजकुरानेच भरून काढावी लागते.

आणखी एक किरकोळ वाटणारी बाब. कित्येक प्रकल्पांत प्रत्येक कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ सक्तीची असते. २००४ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आलेली ही पद्धत ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ असे प्रमाणित करण्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण नवख्याने गिट कमिटला ‘-s’ हा पर्याय दिलेला नसला की त्याच्या पहिल्यावहिल्या पुल रिक्वेस्टवर काही सेकंदांत लाल फुली उमटते, आणि आपला कोडच चुकला अशी त्याची समजूत होते. त्या लाल फुलीपाशी ‘कोडमध्ये दोष नाही, फक्त सही राहिली आहे, ती अशी करावी’ असे एक वाक्य लिहिलेले असावे. रकान्यांचे अंतर आणि कंसांची जागा यांवरचे शेरेही माणसाने लिहू नयेत. ते फॉरमॅटरकडून, म्हणजे कोडची मांडणी आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमकडून, येऊ द्यावेत. सोळा शेऱ्यांपैकी चौदा मोकळ्या जागांविषयी असले, तर उरलेल्या दोन महत्त्वाच्या शेऱ्यांपर्यंत नवखा माणूस पोहोचतच नाही.

हे सगळे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याविषयी मी साशंक आहे. आमच्या प्रकल्पात एकाने कळवले होते की त्याच्या यंत्रावर एकूण एक टेस्ट अपयशी ठरतात. मी माझ्याकडे त्या चालवल्या, सगळ्या उत्तीर्ण झाल्या, आणि ‘माझ्याकडे चालते’ असे लिहून इश्यू बंद केला. आठ महिन्यांनी मी नवे यंत्र घेतले, प्रकल्प ज्या फोल्डरमध्ये उतरवला त्याच्या नावात दोन शब्द होते, आणि एकूण एक टेस्ट अपयशी ठरली. टेस्ट चालवणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये (यंत्राला द्यायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) फोल्डरचा मार्ग अवतरणचिन्हांविना वापरलेला होता, त्यामुळे नावातल्या मोकळ्या जागेपाशी शेल त्याचे दोन तुकडे करत होते. मी तो जुना इश्यू उघडला. त्याने चिकटवलेल्या संदेशाच्या तिसऱ्याच ओळीत, फोल्डरच्या मार्गात, ती मोकळी जागा स्पष्ट दिसत होती.

दुरुस्ती दोन अवतरणचिन्हांची होती. कमिटच्या संदेशात ‘रिपोर्टेड-बाय’ या शब्दांपुढे मी त्याचे नाव लिहिले, इश्यूवर क्षमा मागितली आणि दुरुस्ती तपासून पाहण्याची विनंती केली. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

आपली नम्र,
एका लहान प्रकल्पाची सहमेंटेनर